बागलाणचा लाव्हा आला कुठून?

इथिओपियातल्या हायली गुब्बी ज्वालामुखीची राख नोव्हेंबर २०२५ मध्ये एका सोमवारी रात्री थेट दिल्लीच्या आकाशात पोहोचली. विमानं रद्द झाली आणि ज्वालामुखी हा अचानक घरोघरचा विषय झाला. आपला सर्वसाधारण समज असा, की जमिनीला भेग पडते आणि त्या भेगेतून लाव्हा वर येतो. हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायला आफ्रिका गाठायची गरज नाही, नामपूरहून साक्रीच्या रस्त्याला लागलं तरी पुरे.

हायली गुब्बी ज्या अफार प्रदेशात आहे, तिथं तीन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकताहेत. ताणलं गेलेलं कवच पातळ होतं, खालचा तप्त खडक वर सरकतो, त्याच्यावरचा दाब उतरतो आणि दाब उतरल्यामुळेच तो वितळू लागतो. इथवर ताणाचं काम. पुढचं काम हा वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, स्वतः करतो. तो भोवतालच्या खडकापेक्षा हलका असतो आणि प्रचंड दाबाखाली असतो. ज्या दिशेनं खडकाचा आवळ सर्वांत कमी, त्या दिशेला तो खडक फाडतो आणि फटीत शिरतो. सप्टेंबर २००५ मध्ये याच अफारमध्ये, दब्बाहू ज्वालामुखीजवळ, काही आठवड्यांत सुमारे ६० किलोमीटर लांबीची फट उघडली, काही ठिकाणी ती ८ मीटरपर्यंत रुंदावली. पृष्ठभागावर आलं ते किरकोळ. बहुतेक शिलारस फटीतच थिजला.

आता नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात येऊ. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेला साल्हेर किल्ला १५६७ मीटर उंच आहे आणि तो ज्वालामुखी होता असं अनेकजण ठामपणे सांगतात. तो ज्वालामुखी नव्हता. साल्हेर, मुल्हेर, मांगी-तुंगी हे डोंगर म्हणजे एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांचे, पाण्यापावसानं कोरून उरलेले अवशेष. कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, ही रचना त्या थरांचीच. लाव्हा ओतला गेला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि तो ओतणारी मुखं शंकूच्या आकाराच्या डोंगरांची नव्हती, लांबच लांब फटींची होती. त्या फटी आजही दिसतात. फक्त त्या आता उघड्या नाहीत, आत थिजलेल्या दगडानं भरलेल्या आहेत. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. आजूबाजूचा मऊ खडक झिजला आणि या भिंती शेजारच्या खानदेशच्या माळावर सरळ रेषेत उभ्या राहिल्या.

या भिंतींचा सर्वांत बारकाईचा अभ्यास आयआयटी मुंबईचे हेतू शेठ आणि त्यांचे सहकारी रंजिनी रे व ज्योतिर्मय मल्लिक यांनी केला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात नंदुरबार-धुळे भागातल्या, एक किलोमीटरहून लांब अशा २१० डाइकची नोंद आहे. क्षेत्र १४,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास अख्ख्या नाशिक जिल्ह्याएवढं. सर्वांत लांब डाइक साक्री-धुळे-पारोळा पट्ट्यातली, ७९ किलोमीटरची. जाडी ३ पासून ६२ मीटरपर्यंत. बहुतेक सगळ्या उभ्या, आणि दिशा जवळजवळ नेमकी पूर्व-पश्चिम. म्हणजे त्या काळी जमिनीतला दाब उत्तर-दक्षिण दिशेला सर्वांत कमी होता.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यांचा एक निष्कर्ष: या डाइक आधीच्या भेगांतून किंवा प्रस्तरभंगांतून आलेल्या नाहीत. शिलारसानं वाट शोधली नाही, ती पाडली. मोठ्या डाइकमधून काही वर्षांतच एक हजार घन किलोमीटर किंवा जास्त लाव्हा बाहेर पडला असावा, असंही ते मांडतात. एवढा लाव्हा नाशिक जिल्ह्यावर सारखा पसरला तर साठ मीटरहून जाड थर होईल. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकीची २७ किलोमीटरची फट आठ महिने वाहत होती. तिथून निघाला तो जेमतेम १५ घन किलोमीटर.

दख्खनचा लाव्हा पृथ्वीच्या खोल पोटातून उठलेल्या एकाच तप्त स्तंभामुळं आला, हे प्रचलित मतही शेठ यांना मान्य नाही. ते खंडाच्या ताणण्याकडे, फाटण्याकडे बोट दाखवतात. वाद मिटलेला नाही, पण खानदेशातल्या या सरळ रेषा पाहिल्यावर मला त्यांचं पारडं जड वाटतं.

डाइक जवळून पाहावी. कडेचा दगड काळाभोर, इतका बारीक पोताचा की कण दिसत नाही, कारण थंड खडकाला टेकून तो झटकन थिजला. मधोमध दगड सावकाश निवला, म्हणून स्फटिक डोळ्यांना दिसतात. लाव्हाच्या थरात निवताना तडकून झालेले खांब उभे असतात, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलसारखे. डाइकमध्ये तेच खांब आडवे, रचून ठेवलेल्या सरपणासारखे. निवण्याचा पृष्ठभाग इथं बाजूला असतो आणि खांब नेहमी त्याच्याशी काटकोनात तयार होतात.

हे ज्ञान शेताच्या बांधावर उपयोगाचं आहे. याच भागातल्या कसमादे पट्ट्यात कांदा आणि डाळिंब विहिरीच्या पाण्यावर उभं असतं. अखंड डाइक जमिनीखालचं पाणी अडवते, मग चढाच्या बाजूची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी. डाइक तडकलेली असेल, तर तिच्या कडेनंच पाणी वाहतं. याची माहिती नसलेला शेतकरी पाणाड्याच्या भरवशावर बोअरमागून बोअर मारतो आणि कर्जात जातो. दुसरीकडे याच भिंती खडीसाठी फोडल्या जाताहेत.

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. डाइकचे गावनिहाय नकाशे ग्रामपंचायतीत लागावेत आणि विहिरीची जागा ठरवताना ते समोर असावेत. आणि साक्री-धुळ्याच्या निवडक डाइक खडीयंत्रांपासून राखून ठेवाव्यात. साल्हेरला जागतिक मान मिळाला, तो रास्तच. ज्या फटींतून हा मुलूख घडला, त्यांना निदान सरकारी संरक्षण तरी मिळायला हवं.