उन्हाळ्यात ॲम्प्लिफायर किती तापू द्यावा?

मे महिन्यातली दुपार. जालना जिल्ह्यात लग्नसराई जोरात असते. हळदीच्या घरी सकाळपासून गाणी सुरू असतात. घरचाच ॲम्प्लिफायर, त्याचे दोन स्पीकर आणि शेजारून मागून आणलेले आणखी दोन. ॲम्प्लिफायर पत्र्याच्या खोलीत, शोकेसच्या कप्प्यात ठेवलेला. धूळ बसू नये म्हणून वर विणलेला रुमाल. दीड-दोनच्या सुमारास आवाज एकाएकी बंद पडतो. कोणीतरी डब्याला हात लावतो आणि चटका बसून मागे घेतो. ‘जळाला वाटतं!’ अशी चर्चा होते. तेवढ्यात पंधरा-वीस मिनिटांनी यंत्र आपोआप सुरू होते, गाणी पुन्हा वाजू लागतात आणि झालेला प्रकार सगळे विसरून जातात.

प्रकार विसरण्यासारखा नसतो. अनेक यंत्रांत आतले तापमान मर्यादेबाहेर गेले की आवाज बंद करणारी सोय असते. ते बंद पडणे म्हणजे एक इशारा होता. दर उन्हाळ्यात दुरुस्तीच्या दुकानात विचारला जाणारा प्रश्नही हाच असतो : ‘ॲम्प्लिफायर तापतोय, हे बरोबर आहे का?’ तापणे बरोबर आहे. मात्र ते किती, हे खोलीच्या तापमानावर ठरते. आणि मराठवाड्यातला मे महिना हे गणित पार बदलून टाकतो.

उष्णता येते कुठून?

ॲम्प्लिफायर भिंतीतल्या सॉकेटमधून जेवढी वीज घेतो, तेवढी सगळी स्पीकरकडे जात नाही. उरलेल्या विजेची आतच उष्णता होते. घरोघरी दिसणारे जुन्या पद्धतीचे, जड ट्रान्सफॉर्मरचे ॲम्प्लिफायर बहुधा ‘क्लास एबी’ प्रकारचे असतात. त्यांची कार्यक्षमता कागदावरच्या गणितानेही ७८.५ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही आणि रोजच्या वापरात ती बरीच कमी असते. ‘क्लास ए’ प्रकारचे यंत्र तर गाणे वाजत नसतानाही गरम राहते. नव्या होम थिएटर आणि साउंडबारमध्ये येणारे ‘क्लास डी’ यंत्र ९० टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोहोचवते, म्हणून ते नुसते कोमट लागते.

थोडक्यात, तेवढाच चटका एका यंत्रात नेहमीचा असेल तर दुसऱ्यात तो बिघाडाची खूण ठरतो. जुना जड ॲम्प्लिफायर तासाभराने चांगला गरम लागला तर घाबरायचे कारण नाही. साउंडबार हात लावण्यापलीकडे तापला, तर तो लगेच बंद करायला हवा.

व्हॉल्व्हच्या रेडिओचा काळ ज्यांना आठवतो, त्यांना या उष्णतेचे नवल वाटणार नाही. ‘ईएल ८४’ हा तेव्हाचा लोकप्रिय व्हॉल्व्ह. त्याची नुसती वात तापती ठेवायला ६.३ व्होल्टवर ०.७६ अँपिअर, म्हणजे जवळपास ५ वॉट वीज लागे. रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्याला भोके असत, ती ही उष्णता बाहेर पडावी म्हणूनच.

पोलादाच्या भट्ट्यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या जालना शहराला उष्णता बाहेर काढण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. इंडक्शन भट्टीत लोखंड १,५०० अंशांच्या पुढे वितळते, पण भट्टीभोवतीची तांब्याची कॉइल पोकळ असते आणि तिच्यातून सतत पाणी फिरवावे लागते. पाणी थांबले तर कॉइल खराब होते. घरातल्या ॲम्प्लिफायरमध्ये पाण्याचे हे काम हवा करते. हवा अडवली की तिथेही तोच धोका.

खोलीचे तापमान आधी मोजा

ट्रान्झिस्टरची किंवा आयसीची उष्णता ओढून घेण्यासाठी त्यांना ॲल्युमिनियमचा पंखेदार तुकडा जोडलेला असतो, तो हीटसिंक. हीटसिंक खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. यंत्र जेवढी उष्णता तयार करते, त्या प्रमाणात तो खोलीपेक्षा काही अंश वर राहतो.

एक उदाहरण घेऊ. एका यंत्राचा हीटसिंक नेहमीच्या वापरात खोलीपेक्षा ३० अंशांनी अधिक तापतो असे धरू. जानेवारीच्या संध्याकाळी खोलीत २५ अंश असतील तर हीटसिंक ५५ अंशांवर राहील. मेच्या दुपारी पत्र्याखाली ४३ अंश असतील तर तोच हीटसिंक ७३ अंशांवर जाईल. यंत्र तेच, गाणे तेच, आवाजही तेवढाच. रुमाल टाकला किंवा कप्प्याचे काचेचे दार लावले, की मधली ३० अंशांची वाढ ४० किंवा ५० होते.

हवामान खाते तापमान मोजते ते सावलीत, पांढऱ्या झडपांच्या हवेशीर पेटीत. मैदानी भागात उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी कमाल तापमान किमान ४० अंश असणे ही पहिली अट असते. बातमीत ४१ अंश असले, तरी तापलेल्या पत्र्याखालच्या बंद खोलीत त्याहून जास्त असू शकते. घरगुती ऑडिओ यंत्रांच्या माहितीपुस्तकांत मात्र वापरासाठी ५ ते ३५ किंवा ४० अंश अशी मर्यादा बहुधा छापलेली असते. म्हणजे यंत्र सुरू करण्याआधीच खोलीने ती मर्यादा ओलांडलेली असते.

आत काय बिघडते?

सिलिकॉनचे बहुतेक पॉवर ट्रान्झिस्टर आतून १५० अंशांपर्यंत टिकतील असे बनवलेले असतात. हीटसिंक ७३ अंशांवर असेल तर आतला सिलिकॉनचा कण आणखी ३०-४० अंशांनी गरम असू शकतो. तरीही तो मर्यादेत असतो. म्हणून ट्रान्झिस्टर एका दुपारीत सहसा जळत नाही.

खरा मार बसतो तो शेजारच्या कपॅसिटरला. डब्यासारख्या दिसणाऱ्या या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर ८५ किंवा १०५ अंश असे छापलेले असते. त्यात द्रव रसायन असते आणि उष्णतेने ते हळूहळू सुकते. इलेक्ट्रॉनिक्समधला ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरले तर कपॅसिटरचे आयुष्य दुप्पट होते आणि १० अंशांनी वाढले तर निम्मे. ८५ अंशांवर २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर ८,००० तास आणि ५५ अंशांवर १६,००० तास टिकेल. रोज चार तास गाणी ऐकणाऱ्या घरात हा फरक साडेपाच वर्षे आणि अकरा वर्षे इतका पडतो. स्पीकरमधून येणारी घरघर किंवा कपॅसिटरचे फुगलेले टोपण, ही तो थकल्याची चिन्हे.

दुसरा धोका दुरुस्तीनंतरचा. ट्रान्झिस्टर तापला की त्यातून जास्त प्रवाह वाहू लागतो. जास्त प्रवाहाने तो आणखी तापतो. हे चक्र थांबवण्यासाठी हीटसिंकलाच एक छोटा ट्रान्झिस्टर किंवा डायोड चिकटवलेला असतो. उष्णता वाढली की तो प्रवाह आवरतो. दुरुस्तीत तो लोंबकळत राहिला, किंवा ट्रान्झिस्टरखालचा मायका आणि पांढरी पेस्ट नीट बसवली नाही, तर नवा सुटा भागही काही दिवसांत जळतो. दुरुस्त यंत्र घरी नेताना ‘पेस्ट आणि मायका बदलला का?’ एवढे विचारले तरी पुरते.

आवाज मध्यम, तरी ताप जास्त

आवाज कमी म्हणजे उष्णता कमी, असा सर्वसाधारण समज आहे. क्लास एबी यंत्रात तो पूर्ण खरा नाही. अगदी हळू आवाजात उष्णता कमीच असते. पण गणित सांगते, की यंत्र त्याच्या कमाल ताकदीच्या ४० टक्क्यांच्या आसपास चालते तेव्हा ट्रान्झिस्टर सर्वाधिक तापतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये ॲम्प्लिफायरच्या वॉटचे दावे तपासण्याचा नियम केला, तेव्हा यंत्र आधी एक तास एक तृतीयांश ताकदीवर चालवण्याची अट घातली होती. या परीक्षेत अनेक यंत्रांचा घाम निघाला.

शेजारून आणलेले जादा स्पीकरही उष्णता वाढवतात. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीवर समांतर लावले की भार ४ ओहम होतो आणि तेवढ्याच व्होल्टला दुप्पट प्रवाह वाहतो. यंत्राच्या मागे ‘८ ओहम’ लिहिले असेल, तर हा भार त्याच्यासाठी नाही. लग्नघरातले यंत्र बंद पडण्यात या जादा स्पीकरचा वाटा मोठा असतो.

स्पीकरही तापतात. साध्या घरगुती स्पीकरला दिलेल्या विजेपैकी जेमतेम एक टक्का आवाज होऊन बाहेर पडते. बाकीची त्याच्या कॉइलमध्ये उष्णता होते. आवाज फाटू लागला, तर कॉइल जळण्याच्या वाटेवर आहे असे समजावे.

ब्लूटूथ स्पीकरची गोष्ट वेगळी. त्यातल्या लिथियम बॅटरीला चार्ज करण्यासाठी साधारण ४५ अंश ही वरची मर्यादा असते. ४३ अंशांच्या खोलीत चार्जिंगची स्वतःची उष्णता मिळवली की ती ओलांडली जाते. असा स्पीकर पहाटे किंवा रात्री चार्ज करावा आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये. बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नये, टोचू नये आणि पुन्हा चार्जही करू नये.

हाताला चटका बसतो तेव्हा

उघड्या धातूवर एक मिनिट हात राहिला तर सुमारे ५१ अंशांनाही त्वचा भाजू शकते. दहा मिनिटांसाठी ही मर्यादा ४८ अंश आहे. ६५ ते ७० अंशांवर एक सेकंद पुरतो. वरच्या उदाहरणातला ७३ अंशांचा हीटसिंक यंत्राच्या मागे उघडा असेल, तर रांगणाऱ्या बाळासाठी तो गरम तव्यासारखाच आहे. लहान मुलांची त्वचा पातळ असते. मधुमेहामुळे हातापायांची संवेदना कमी झालेल्यांना चटका वेळेवर जाणवत नाही. अशा घरांत यंत्र मुलांच्या हाताच्या उंचीवर नको.

भाजले तर ती जागा लगेच वाहत्या साध्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरावी. अंगठी, बांगडी सूज येण्याआधी काढावी. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा तूप लावू नये. फोड फोडू नयेत. भाजलेली जागा तळहाताएवढी असेल, किंवा चेहरा, हात वा सांधा भाजला असेल, तर डॉक्टरांकडे जावे.

एवढे केले तरी पुरते

यंत्र उघड्या टेबलावर ठेवावे. वर वीत-दीड वीत आणि दोन्ही बाजूंना चार-पाच बोटे तरी जागा मोकळी असावी. वर रुमाल, सीडी किंवा दुसरे यंत्र ठेवू नये. खालचे रबरी पाय काढू नयेत. थंड हवा तिथूनच आत शिरते. कूलरच्या थेट झोतातही यंत्र नको, कारण त्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात. उन्हाळा लागण्याआधी प्लग काढून जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशने झाडावी. झाकण घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा साठा काही काळ राहतो.

विजेचा दाबही पाहावा. घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट मानला जातो. तो बराच वर गेला तर ट्रान्सफॉर्मरचे साधे यंत्र जास्त तापते. दिवे नेहमीपेक्षा प्रखर दिसत असतील तर ॲम्प्लिफायर बंद ठेवणे बरे.

रोजची तपासणी हातानेच होते. यंत्राच्या बाहेरच्या डब्याला, तळवा न लावता हाताची मागची बाजू हलकेच लावावी. चार-पाच सेकंद सहज ठेवता आली तर काळजी नाही. लगेच काढून घ्यावी लागली तर आवाज कमी करून हवा मोकळी करावी. जळका वास, धूर किंवा ट्रान्सफॉर्मरची वाढलेली गुणगुण जाणवली, तर आधी भिंतीवरचे बटण बंद करावे. आग दिसली तर चालू विजेवर पाणी ओतू नये; मेन स्विच पाडावा, कोरडी वाळू वापरावी आणि १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे.

हळदीच्या घरातले ते यंत्रही वाचवता येते. शेजारचे दोन स्पीकर काढावेत, रुमाल उचलावा, यंत्र शोकेसमधून बाहेर ओट्यावर सावलीत आणावे आणि भर दुपारी तासभर त्यालाही विश्रांती द्यावी. संध्याकाळी ऊन उतरले, की गाणी पुन्हा लावता येतात.