बारा हजार परार्ध आणि दोन हजार व्होल्ट

शर्टाच्या बटणाएवढी बेरियम टिटॅनेटची एक चकती घ्या. व्यास 10 मिलिमीटर, जाडी 1 मिलिमीटर. ज्या एकक कोशिकेच्या पुनरावृत्तीतून तिचे स्फटिक घडतात, ती जेमतेम 0.4 नॅनोमीटरची. चकतीत अशा कोशिका भरतात 12 वर 20 शून्ये इतक्या. आपली जुनी मोजणी परार्धापाशी, म्हणजे 1 वर 17 शून्यांपाशी, थांबते. इथे तसले बारा हजार परार्ध लागतात!

प्रत्येक कोशिकेत टिटॅनियमचा अणू मधोमध न बसता नॅनोमीटरच्या साधारण शंभराव्या भागाने एका बाजूला सरकलेला असतो, म्हणून कोशिकेचे एक टोक धन तर दुसरे ऋण बनते. सरकायला दिशा सहा. शेजारच्या कोशिका एकच दिशा धरतात आणि त्यांचा गट, म्हणजे डोमेन, तयार होतो. 100 नॅनोमीटर बाजूच्या डोमेनमध्ये दीड कोटीहून जास्त कोशिका एकमताने उभ्या असतात. पण डोमेनांची तोंडे मात्र सगळीकडे. त्यामुळे भट्टीतून नुकतीच निघालेली चकती कितीही दाबा, विद्युतभाराची बेरीज शून्यच येते.

म्हणून पोलिंग, म्हणजे डोमेनांची तोंडे एका दिशेला वळवणे. चकती गरम सिलिकॉन तेलात बुडवायची आणि तिच्या दोन तोंडांवर 2000 व्होल्ट लावायचे. आकडा धडकी भरवणारा आहे, पण वाटणी करून पाहा. जाडीत कोशिका 25 लाख, तेव्हा एकीच्या वाट्याला येतात 0.0008 व्होल्ट. त्यातून तिला मिळणारी ऊर्जा साध्या उष्णतेच्या हेलकाव्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढीच. एकटी कोशिका याला दादही देणार नाही. पण ती एकटी नसते. दीड कोटी जणींचा वाटा एकत्र केला की तीच ऊर्जा त्या हेलकाव्याच्या लाखपटीच्या वर जाते. या सगळ्या विषयात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. शिवाय सगळ्यांना एकदम वळावे लागत नाही. दोन डोमेनांमधली भिंत एखाद-दोन नॅनोमीटर जाडीची. तिला लागून असलेल्या कोशिका वळतात, भिंत पुढे सरकते आणि अनुकूल डोमेन वाढत जाते.

उलट तोंड फिरवणे, म्हणजे 180 अंश, त्या मानाने सोपे. 90 अंशांत अडते, कारण कोशिका एका दिशेने सुमारे एक टक्का लांब असते. एक मायक्रोमीटरचा कण, म्हणजे चकतीतला एक छोटा स्फटिक, पुरता वळला तर 10 नॅनोमीटर लांबेल, आणि चहूबाजूंनी आवळून बसलेले शेजारी ते होऊ देत नाहीत. वीज काढल्यावर काही डोमेन माघारी फिरतात ते यामुळेच. कणांची ठेवणच वेगवेगळ्या दिशांना असल्याने सगळे डोमेन वळले असते तरी एकसंध स्फटिकाच्या 83 टक्केच ध्रुवीकरण मिळाले असते. प्रत्यक्षात हाती लागते साधारण एक तृतीयांश.

तेवढ्यावरही चकती कामाला लागते. तिच्यावर 100 ग्रॅमचे वजन ठेवा, सुमारे 116 कोटी इलेक्ट्रॉनांएवढा विद्युतभार उमटतो. उलट तिला 1 व्होल्ट द्या, ती लांबते 0.19 नॅनोमीटर. म्हणजे दर कोशिकेमागे सरासरी प्रोटॉनच्या व्यासाचा विसावा भाग!

शिशाचे पीझेडटी (लेड झिर्कोनेट टिटॅनेट) याहून सरस आहे. त्याच्या उत्तम मिश्रणात दोन स्फटिकरचना शेजारी नांदतात, त्यामुळे डोमेनांना वळायला 6 आणि 8 मिळून 14 दिशा मिळतात. पण त्याच्या वजनात 60 टक्क्यांहून जास्त शिसे. 2006 पासून युरोपने विद्युत उपकरणांतल्या शिशावर निर्बंध आणले, तेव्हा तोडीचा पर्याय नसल्याने याला सूट द्यावी लागली. 2004 साली जपानी संशोधकांनी पोटॅशियम-सोडियम नायोबेटच्या कुळातल्या सिरॅमिकचे कणच आधी एका दिशेने रचले आणि मग पोलिंग केले. त्याच 100 ग्रॅमला सुमारे 255 कोटी इलेक्ट्रॉन, शिशाचा कणही न वापरता.