डोक्याचा मार आणि रक्ताची साक्ष

कारखान्यात एखाद्याचे बोट तुटले तर ते चारचौघांना दिसते. डोक्याचा मार तसा दिसत नाही. मनुष्य पडतो, उठून बसतो, पाणी मागतो, आपले नावगाव बरोबर सांगतो. आणि भोवतालची मंडळी ‘काही झाले नाही’ म्हणून मोकळी होतात. बहुधा ते खरेही असते. पण तो मनुष्य रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल, तर या ‘बहुधा’वर विसंबून चालत नाही.

‘रक्त पातळ होणे’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. रक्तात पाणी वाढत नाही. त्याची गोठण्याची शक्ती कमी होते. अमेरिकेत व कॅनडात बुरसलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली, त्याचे कारण विस्कॉन्सिन येथील कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने हुडकून काढले. त्यातूनच वॉरफरिन निघाले. १९४८ साली ते उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून मिळू लागले! ही श्रीमंतांची चैन आहे असे कोणी समजू नये. सांधेज्वराने हृदयाची झडप बिघडण्याचा रोग दाटीवाटीच्या वस्तीत अधिक आढळतो, आणि धातूची झडप बसविलेल्याला अशी गोळी जन्मभर घ्यावी लागते.

आता कवटी ही बंद पेटी. आत एखादी बारीक शीर फाटली, तर एरवी रक्त तेथेच गोठून भोक बुजते. गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत ते झिरपत राहू शकते. जागा नसल्यामुळे मेंदू दाबला जातो. म्हणून डॉक्टर सी. टी. स्कॅन सांगतात. १९७१ साली लंडनच्या एका रुग्णालयात या यंत्राने प्रथम जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्र काढले. यंत्र उत्तम आहे. पण ते तालुक्याच्या गावी असतेच असे नाही, खर्च आहे, क्ष-किरण आहेत, आणि किरकोळ माराच्या बहुसंख्य रोग्यांत ते काहीच दाखवीत नाही.

तेव्हा, आधी रक्तालाच विचारले तर? मेंदूच्या पेशींना इजा झाली की त्यांतील काही प्रथिने रक्तात उतरतात. त्यांपैकी जी. एफ. ए. पी. हे मेंदूतील आधार देणाऱ्या पेशींचे, तर यू. सी. एच.-एल१ हे प्रत्यक्ष चेतापेशींचे. दुसरे लवकर, सुमारे आठ तासांत, शिगेला पोचते. पहिले वीस तासांच्या सुमारास. म्हणून दोन्ही एकत्र मोजतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली अशा चाचणीस प्रथम परवानगी दिली. २०२४ साली मंजूर झालेली चाचणी रोग्याच्या खाटेजवळ पंधरा मिनिटांत उत्तर देते.

आकडे सांगू लागले की सभेत जांभया सुरू होतात हे मला युनियनच्या वार्षिक सभांवरून ठाऊक आहे. पण खरी गोम येथे आकड्यांतच आहे. पहिल्या परवानगीमागील पाहणीत १९५९ रोगी होते. स्कॅनमध्ये इजा सापडली ती १२५ जणांत, आणि चाचणीने त्यांपैकी फक्त तिघे चुकविले. ही मोठीच गोष्ट झाली. उलट ‘इजा असू शकेल’ असे तिने तब्बल १२८८ जणांबाबत म्हटले! म्हणजे ही साक्षीदार ‘नाही’ म्हणते तेव्हा ऐकण्यासारखी. ‘होय’ म्हणते तेव्हा फक्त स्कॅनच्या खोलीचा रस्ता दाखविणारी. त्यातून वयाबरोबर जी. एफ. ए. पी. मुळातच वाढलेले असते, आणि गोळ्या घेणारे बहुतेक वयस्कच. ज्यांना चाचणीची गरज जास्त त्यांच्यातच खोटा ‘होय’ जास्त.

याहून कठीण मुद्दा असा की, ही प्रथिने पेशींना इजा झाल्याचे सांगतात; शीर गळत असल्याचे नव्हे. मेंदूला फारसा धक्का न लागता बाहेरच्या आवरणाखालील शीर झिरपू लागली, तर रक्ताची साक्ष उशिरा किंवा दुबळी येण्याचा संभव राहतो. स्कँडिनेव्हियातील मेंदूतज्ज्ञांनी २०१३ साली नियम केले तेव्हा एस-१००-बी नावाच्या जुन्या चाचणीवर काही रोग्यांना घरी पाठविण्यास मुभा दिली. पण गोळी घेणाऱ्यांना तीतून वगळले. त्यांना स्कॅन आणि निदान चोवीस तास देखरेख. ही सावधगिरी मला योग्य वाटते.

आमच्या कामाशी संबंध येतो तो आणखी एका कारणाने. चाचणी ‘नाही’ म्हणाली याचा अर्थ स्कॅनमध्ये काही दिसण्याचा संभव फार थोडा, एवढाच. मेंदूला हादराच बसला नाही असा तिचा अर्थ नव्हे; तशी परवानगीही तिला नाही. डोके दुखणे, प्रकाश सहन न होणे, हिशेबात चुका होणे हे सारे स्वच्छ स्कॅननंतरही आठवडेच्या आठवडे राहू शकते. उद्या ही चाचणी आपल्या कारखान्यांच्या दवाखान्यांत आली आणि कोणी त्या कागदावर ‘कामास योग्य’ असा शिक्का मारू लागला, तर कामगाराने व त्याच्या प्रतिनिधीने तो कागद नेमका कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे विचारले पाहिजे.

तोवर गोळी घेणाऱ्याने गोळीचे नाव, मात्रा आणि ती कशासाठी, हे लिहिलेली चिठ्ठी खिशात बाळगावी. डोके आपटल्यास, बरे वाटत असले तरी, त्याच दिवशी रुग्णालय गाठून ती आधी दाखवावी. घरी परत पाठविल्यावर वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, असंबद्ध बोलणे, हातापायातली शक्ती जाणे किंवा अवेळी गुंगी दिसली तर रात्र असली तरी पुन्हा न्यावे. आणि घाबरून गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. धातूच्या झडपेवर गुठळी बसली तर तीही तितकीच घातक.