पालघर शोधायचे तर ठाण्यात

गेल्या आठवड्यात बालभारतीची ई-पुस्तके पाहिली. पाठ्यपुस्तक संपल्यावर पुढे कुठे जायचे, हा आजचा प्रश्न. राज्याचा इतिहास, भूगोल आणि कारभार शिकणाऱ्या मुलांसाठी संकेतस्थळांची यादी करायला बसले तर दहा-बारा नावे सहज निघतात. जिल्हा गॅझेटिअर ठेवणारा राज्याचा दर्शनिका विभाग, मराठी विश्वकोश, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका, इस्रोचे ‘भुवन’, शासन निर्णयांचे संकेतस्थळ, निवडणूक आयोगाचे अहवाल ही त्यांतली ठळक. शाळाशाळांतून अशा याद्या फिरत असतात आणि बहुतेक मुले त्या एकदाच उघडतात. याचा दोष मुलांच्या आळसावर टाकणे सोपे आहे, पण खरे कारण वेगळे आहे. या साधनांतली माहिती आजच्या नकाशाप्रमाणे रचलेली नाही. ती जेव्हा गोळा झाली तेव्हाच्या राजवटीच्या आणि तेव्हाच्या सीमांच्या खणांत पडून आहे. आपला जिल्हा कोणत्या खणात सापडेल हे ठरवायलाच त्या भागाचा राजकीय इतिहास लागतो. म्हणून शोध घेण्याच्या या खटपटीलाच मी अभ्यासाचा गाभा मानतो. तो टाळून तयार उत्तर हाती देणारे साधन विद्यार्थ्याचे नुकसान करते, असे माझे मत आहे.

पालघरचेच उदाहरण घ्या. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला आणि राज्यात ३६ जिल्हे झाले. १ मे १९६० ला ते २६ होते. पालघर वेगळा होण्याआधीची शेवटची जनगणना २०११ ची, म्हणजे ३५ जिल्ह्यांच्या महाराष्ट्राची. पालघरची लोकसंख्या हवी असेल तर ठाण्याची पुस्तिका उघडून आठ तालुक्यांचे आकडे काढावे लागतात. बेरीज सुमारे ३० लाख येते. ही बेरीज स्वतः करणाऱ्याला वाटेत आणखी एक गोष्ट दिसते, जी तयार आकडा पाठ करणाऱ्याला कधीच दिसत नाही. या ३० लाखांतले सुमारे १२ लाख लोक एकट्या वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत राहतात, तर जव्हार आणि मोखाड्यात आदिवासींचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे. जिल्ह्याची म्हणून जी सरासरी सांगितली जाते ती यांपैकी कोणत्याच टोकाचे वर्णन करत नाही. निवडणुकीचे निकाल शोधायला गेले तर नाव पुन्हा बदलते. पालघर नावाचा लोकसभा मतदारसंघ २००९ पासूनचा, जिल्ह्यापेक्षा पाच वर्षांनी थोरला. त्याआधीचे निकाल डहाणू मतदारसंघाखाली आहेत.

आणखी मागे गेले की गंमत वाढते. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाण्यावरचा तेरावा खंड १८८२ चा. त्यात पालघर तालुका नाही, कारण तेव्हा त्या तालुक्याचे नाव माहीम होते. हे मुंबईतले माहीम नव्हे, केळव्याजवळचे. उलट आज रायगडात असलेले पनवेल आणि कर्जत तेव्हा ठाण्यात मोडत. वसई हवी असेल तर इंग्रजांच्या तोंडी बसलेले ‘बसीन’ हे नाव ठाऊक हवे. जव्हार हे मुकण्यांचे संस्थान, म्हणून त्याची हकिकत तालुक्यांबरोबर येत नाही, स्वतंत्र येते. एवढे कळेपर्यंत विद्यार्थ्याने नकळत बरेच काही शिकून घेतलेले असते. उत्तर कोकणात एका बाजूला इंग्रजांचा थेट अंमल होता आणि डोंगरात एक संस्थान टिकून होते. किनाऱ्यावर १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेईपर्यंत दोनशे वर्षे पोर्तुगीज होते. खंड छापला गेला त्याच वर्षी, १८८२ मध्ये, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. ते सोपारे आज पालघर जिल्ह्यात आहे. तेव्हा एकोणिसाव्या शतकातला एखादा वृत्तान्त चाळताना ‘पालघर’ हा शब्द शोधून काही मिळाले नाही, याचा अर्थ तिथे काही नाही असा होत नाही.

उरलेल्या महाराष्ट्रात हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. हिंगोलीचा विद्यार्थी कॅम्बेलच्या खंडांत हिंगोली शोधेल तर त्याला सगळी मालिका पालथी घालूनही तिच्यावर खंड मिळणार नाही. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. हिंगोली तर १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग. गोंदियाच्या मुलाने मध्य प्रांताच्या मालिकेतला भंडारा जिल्हा पाहायचा. वऱ्हाडची गोष्ट आणखी निराळी. तो प्रदेश निजामाचा, पण १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात दिलेला. त्यामुळे त्याचे १८७० चे गॅझेटिअर ‘हैदराबादचे नेमून दिलेले जिल्हे’ अशा अवघड नावाखाली निघाले. आता त्यात ताज्या नामांतरांची भर पडली आहे. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर या नावांनी जुने दस्तऐवज शोधता येत नाहीत, आणि फक्त औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर टाइप करणाऱ्याच्या हातून नवे निसटतात. दोन्ही नावे लावून शोधायचे, एवढाच यावर उपाय.

मराठी विश्वकोशाबाबत एक बारकावा सहसा सांगितला जात नाही. वाईहून निघालेले त्याचे वीस खंड अकारविल्हे आहेत आणि पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. म्हणजे वर्णमालेबरोबर काळही पुढे सरकतो. अकोल्याची नोंद पहिल्या खंडात. ती लिहिली गेली तेव्हा वाशिम अकोल्यातच होते, वेगळा जिल्हा व्हायला १९९८ उजाडायचे होते. हा विश्वकोशाचा दोष मानू नये. मात्र नोंद वाचण्याआधी तिचा खंड आणि खंडाचे वर्ष पाहण्याची सवय शिक्षकांनी लावली पाहिजे, कारण पडद्यावर सगळ्या नोंदी सारख्याच ताज्या दिसतात.

कारभाराच्या विषयात तर जुन्या सीमा आजही कायद्यात जिवंत आहेत. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रे ठरवणारा राष्ट्रपतींचा आदेश १९८५ चा. त्यात डहाणू, तलासरी, मोखाडा, जव्हार, वाडा हे तालुके ‘ठाणे जिल्हा’ या शीर्षकाखाली येतात. पालघर आणि वसईतली केवळ काही गावे येतात आणि विक्रमगडचे नावच नाही, कारण तो तालुका नंतर झाला. १९९६ चा पेसा कायदा आणि ग्रामसभेला त्याने दिलेले अधिकार कोणत्या गावाला लागू, हे या आदेशावरून ठरते. नागरिकशास्त्रात ‘ग्रामसभा’ हा धडा वाचलेल्या मुलाने हा आदेश पाहावा आणि मग ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या पोर्टलवर आपल्याच ग्रामपंचायतीचा विकास आराखडा उघडावा. शासन निर्णय तर मराठीतच असतात. विभाग आणि तारीख लावून शोधता येतात. त्यांची भाषा रुक्ष आहे हे मान्य, पण कारभार याच भाषेत चालतो.

भूगोलासाठी ‘भुवन’वर वैतरणा नदी पाहावी. मुंबईच्या पाण्यासाठी तिच्यावर आधी मोडकसागर (१९५७) आणि अलीकडे मध्य वैतरणा (२०१४) बांधले गेले. १८८२ च्या वर्णनातली नदी आणि उपग्रहचित्रातली नदी शेजारी ठेवली की मोखाड्याच्या उन्हाळी टंचाईबद्दल मुले आपण होऊन विचारू लागतील, आणि भूगोलाच्या तासाला नागरिकशास्त्राचा प्रश्न निघेल.

या सगळ्यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. इंग्रजांनी राज्य चालवण्यासाठी लिहिलेले ग्रंथ मुलांच्या हाती का द्यायचे? गॅझेटिअरमध्ये एकेका जातीचा ‘स्वभाव’ दोन ओळींत उरकलेला असतो, आणि १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारी दृष्टी त्याच काळाची आहे. वारली आदिवासींविषयी गॅझेटिअरमध्ये लिहिलेले आहे, पण वारल्यांनी सांगितलेले काही नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, फक्त त्यातून ‘वाचू नये’ हा निष्कर्ष निघत नाही. हेच शब्द आजही पुस्तकांत आणि चित्रफितींत उगम न सांगता फिरत असतात. मूळ पाहिलेल्या मुलाला निदान ते कोणाचे आणि कशासाठी लिहिलेले, हे कळते. शिवाय या खंडांमागे केवळ साहेब नव्हते. रा. गो. भांडारकरांचा दख्खनचा प्राचीन इतिहास याच मालिकेसाठी लिहिला गेला. आणि वारल्यांची दुसरी बाजू हवी असेल तर १९४५ च्या उठावाच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ आहे. गॅझेटिअर आणि ते पुस्तक यांत मेळ बसणार नाही. तो का बसत नाही, यावर वर्गात एक तास खर्च झाला तर तो वाया गेला असे कोणी म्हणू नये.

दुसरा आक्षेप वेळेचा. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला जिल्ह्यांची संख्या आणि निर्मितीच्या तारखा हव्या असतात, त्याने १८८२ मध्ये कशाला शिरायचे? परीक्षा पुढच्या आठवड्यात असेल तर शिरू नये, पाठ्यपुस्तक आणि चालू वर्षाची आर्थिक पाहणी पुरे. पण वर्षभर तयारी करणाऱ्याला एकच जिल्हा, बहुधा स्वतःचा, असा खोदून पाहणे परवडते. एका जिल्ह्याची विभागणी समजली की उरलेल्या तारखा लक्षात ठेवायला आधार मिळतो. इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे. कॅम्बेल इंग्रजीत, जनगणनेच्या पुस्तिकाही इंग्रजीत. अख्खा खंड वाचायचा नाही, आपल्या तालुक्याची चार पाने वाचायची, असे काम दिले तर आठवी-नववीच्या मुलांना शिक्षकाच्या मदतीने ते झेपते. आणि कोणतेही पान मिळाले की ते उतरवून घ्यावे. सरकारी पत्ते बदलतात, दुवे तुटतात. कॅम्बेलच्या खंडांच्या प्रती सुदैवाने इंटरनेट अर्काइव्हवरही आहेत.

तिसरे म्हणणे असे की आता यंत्रालाच विचारता येते, मग ही पायपीट कशाला? विचारावे, हरकत नाही. पण मिळालेल्या आकड्याचे वर्ष आणि त्या वर्षीची हद्द विचारल्याशिवाय तो वहीत उतरू नये. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिच्यात पालघर प्रथमच जिल्हा म्हणून मोजला जाईल. आकडे हाती आल्यावर सोळा वर्षांत लोकसंख्या किती वाढली असा प्रश्न कुठल्यातरी प्रश्नपत्रिकेत येईलच, आणि तेव्हा २०११ चा आकडा काढण्यासाठी पुन्हा ठाण्याचीच पुस्तिका उघडावी लागेल.