डीव्हीडी ड्राइव्ह बदलण्याआधी

हैदराबादेत संगणकाचा सुटा भाग हवा असला की पाय सिकंदराबादच्या पार्क लेनकडे, चिनॉय ट्रेड सेंटरकडे वळतात. लोकांच्या तोंडी ते नुसते ‘सीटीसी’. डीव्हीडी ड्राइव्ह संगणकाच्या पडद्यावरून एकाएकी गायब झाला, की बहुतेक जण दोनपैकी एक उपाय करून मोकळे होतात : तिथून नवा ड्राइव्ह आणायचा, नाहीतर विंडोज ‘फॉरमॅट मारून’ घ्यायचे. दोन्ही उपायांमागे एक गृहीत असते. ड्राइव्ह दिसत नाही, म्हणजे तो बिघडला. हे गृहीत तपासून पाहण्याजोगे आहे, कारण ‘दिसणे’ ही एका टप्प्यात घडणारी गोष्ट नाही. आधी वीज आणि केबल, मग मदरबोर्डमधली बायॉस किंवा यूईएफआय ही मूळ यंत्रणा, मग विंडोजचा ड्रायव्हर आणि शेवटी चकती, अशी ही साखळी आहे. तिची नेमकी कोणती कडी तुटली हे ठरवल्याशिवाय केलेला खर्च नशिबावर सोडलेला असतो.

पहिला भेद चकती आणि ड्राइव्ह यांच्यात करावा लागतो. ड्राइव्हचे चिन्ह दिसते, पण चकती वाचली जात नाही, ही तक्रार वेगळी. कारखान्यात छापलेली एखादी स्वच्छ चकती घालून पाहिली की निम्मा उलगडा होतो. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर लागतो, तर डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा. त्यामुळे सीडी चालते आणि डीव्हीडी चालत नाही असे झाले, तर संशय ड्राइव्हच्या आतल्या लेसरवरच जातो आणि तिथे ड्राइव्ह बदलणे रास्त ठरते. आणखी एक फसवी तक्रार म्हणजे चित्रपटाची डीव्हीडी न लागणे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून डीव्हीडी चित्रपट दाखवण्याची अंगभूत सोय काढून टाकली गेली. चकतीतल्या फाइली दिसत असतील, तर ड्राइव्हला दोष न देता व्हीएलसीसारखा प्लेअर टाकावा, इतकेच.

चिन्हच नसेल, तर संगणक चालू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायॉसमध्ये पाहावे. तिथेही ड्राइव्हचे नाव नसेल, तर विंडोजमध्ये कितीही खटपट करून उपयोग नाही. कॅबिनेट उघडून साटा केबल काढून पुन्हा बसवावी, दुसऱ्या पोर्टवर लावून पाहावी. ट्रे उघडतो म्हणून ड्राइव्ह ठीक आहे असे समजू नये; साटा ड्राइव्हला वीज आणि माहिती दोन वेगळ्या केबलींतून मिळते आणि ट्रे उघडायला वीज पुरते. बाहेरून जोडायच्या यूएसबी ड्राइव्हची अडचण अनेकदा विजेचीच असते. यूएसबी २ चे पोर्ट नियमानुसार ५०० मिलिअँपिअर देते आणि फिरणाऱ्या चकतीला ते अपुरे पडू शकते, म्हणून हब टाळून थेट मागच्या पोर्टला जोडावे. तरीही खात्री होत नसेल, तर लिनक्स टाकलेल्या पेन ड्राइव्हवरून संगणक चालू करावा. लिनक्सने चकती वाचली, तर ड्राइव्ह, केबल आणि पोर्ट तिन्ही निर्दोष ठरतात आणि दोष विंडोजच्या पदरात पडतो.

या विंडोजच्या टप्प्यावरच ‘बिघडला असेल’ हे गृहीत सर्वांत जास्त फसते. सीडी लिहिणारी किंवा गाणी उतरवून घेणारी काही सॉफ्टवेअरे विंडोज आणि ड्राइव्ह यांच्यामध्ये स्वतःचा फिल्टर ड्रायव्हर बसवतात आणि त्याची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, ‘अपरफिल्टर्स’ व ‘लोअरफिल्टर्स’ या नावांखाली करतात. सॉफ्टवेअर अर्धवट काढले गेले की फाइल जाते, नोंद मात्र राहते. देवडीवरच्या कारकुनाच्या सहीशिवाय कुणाला आत सोडायचे नाही असा हुकूम कायम असावा आणि कारकून मात्र नोकरी सोडून गेलेला असावा, तशी ही गत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर पिवळे चिन्ह आणि कोड १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ दिसला, तर आधी या नोंदींचा संशय घ्यावा. याचा गाजलेला पुरावा २००५ चा आहे. सोनी बीएमजीच्या संगीत सीडींवरचे एक्ससीपी नावाचे नकलविरोधी सॉफ्टवेअर ग्राहकांच्या संगणकात लपून बसते, हे संगणकतज्ज्ञ मार्क रसिनोविच यांनी त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला उघड केले. ते हाताने काढताच त्यांचा सीडी ड्राइव्ह गायब झाला होता. फिल्टरची उरलेली नोंद पुसल्यावर तोच ड्राइव्ह परत आला. त्यात यंत्राचा काहीच दोष नव्हता.

नवा ड्राइव्ह हजार-दीड हजारात मिळत असताना एवढा काथ्याकूट कशाला, असा आक्षेप कुणी घेईल. त्याचे उत्तर या फिल्टरच्या रचनेतच आहे. ही नोंद एका ड्राइव्हची नसते, सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या संपूर्ण वर्गाची असते. म्हणून नवा ड्राइव्ह लावला तरी तोही त्याच नोंदीत अडकतो, आणि ग्राहक दुकानदाराला दोष देत परत येतो. फॉरमॅट मारल्याने नोंद पुसली जाते हे खरे, पण तिच्याबरोबर बसवलेली सगळी सॉफ्टवेअरे जातात आणि बॅकअप नसेल तर कागदपत्रे आणि फोटोही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : रजिस्ट्रीत सामान्य माणसाने हात घालावा का? धोका खराच आहे. सीडी ड्राइव्हच्या वर्गाची लांबलचक ओळख ‘४डी३६ई९६५’ने सुरू होते आणि हार्ड डिस्कच्या वर्गाची ‘४डी३६ई९६७’ने. फरक एका आकड्याचा. दुसऱ्या ठिकाणची अपरफिल्टर्स नोंद पुसली, तर विंडोज सुरूच होणार नाही. म्हणून ही पायरी शेवटची. आधी डिव्हाइस मॅनेजरमधून ड्राइव्ह अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज तो नव्याने शोधते आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागते. नाहीच भागले, तर रिस्टोअर पॉइंट करून, ती नोंद एक्स्पोर्ट करून, आकडा दोनदा वाचून मगच पुसावी. सीडी लिहिणारे सॉफ्टवेअर त्यानंतर पुन्हा टाकावे लागेल, हेही धरून चालावे. एवढे धाडस नको असेल त्याने जाणकाराकडून करून घ्यावे.

चकत्यांचा जमानाच संपला, सगळे आता इंटरनेटवर आहे, असेही म्हटले जाते. पण इंटरनेटवर आहे म्हणजे टिकेलच असे नाही; हैदराबादचाच दाखला घ्या. संगणकशास्त्रज्ञ डॉ. राज रेड्डी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या दशलक्ष पुस्तक प्रकल्पात इथली ट्रिपलआयटी ही शिक्षणसंस्था सहभागी होती आणि डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियासाठी हजारो जुनी पुस्तके स्कॅन झाली. पुढे त्या लायब्ररीचे संकेतस्थळ बंद पडले. पुस्तके आज वाचता येतात ती इंटरनेट आर्काइव्हवर प्रती गेल्या म्हणून. म्हणजे टिकते ते प्रतींमुळे. सुलतान बाजार-काचीगुड्याच्या मराठी घरांतल्या लग्नाच्या डीव्हीडी किंवा इस्पितळाने सीडीवर दिलेला एमआरआय यांची दुसरी प्रत अनेकदा नसतेच, आणि लिहिता येणाऱ्या चकतीचा रंगद्रव्याचा थर उष्णतेत खराब होत जातो. तेव्हा ड्राइव्ह सुरू झाल्यावर पहिले काम या चकत्या हार्ड डिस्कवर उतरवून घेण्याचे. आणि सुरू झाला नाही, तर दुकानात किंमत विचारण्याआधी एक प्रश्न विचारावा : बायॉसमध्ये हा दिसतो का? उत्तर ‘हो’ असेल, तर निदान पुरे झाल्याशिवाय पाकीट काढू नये.