जाड पायांची अक्षरे आणि देवनागरीची शिरोरेषा

रोमन अक्षराच्या उभ्या दांड्याच्या टोकाशी जी छोटी आडवी रेघ असते तिला सेरिफ म्हणतात, आणि ही रेघ बारीक, निमुळती न ठेवता दांड्याइतकीच किंवा जवळपास तितकीच जाड व चौकोनी केली, की त्या अक्षरवळणाला स्लॅब-सेरिफ हे नाव मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या नमुनापुस्तकात असा टाइप ‘अँटिक’ या नावाने आला. कारखानदारीबरोबर भिंतींवरच्या जाहिराती वाढल्या होत्या आणि पुस्तकांसाठी घडवलेली नाजूक अक्षरे रस्त्यापलीकडून वाचता येत नव्हती, ही त्यामागची गरज होती. १८४५ मध्ये रॉबर्ट बेस्ली यांच्या फाउंड्रीने ‘क्लॅरेंडन’ काढला, ज्यात दांडा आणि पाय काटकोनात न भेटता हलक्या गोलाईने जोडलेले असतात. ब्रिटनच्या कायद्याखाली त्याला मिळालेले तीन वर्षांचे संरक्षण संपताच इतरांनी त्याच्या नकला केल्या. आज ‘व्हिंटेज’ म्हणून विकले जाणारे बहुतेक स्लॅब-सेरिफ फॉन्ट या क्लॅरेंडनचे किंवा अमेरिकेतील लाकडी टाइपच्या पोस्टरांचे वंशज आहेत. त्यांतील काहींच्या कडा मुद्दाम झिजलेल्या दाखवतात, परंतु जुनेपणाची खरी गोडी त्या झिजेत नसून दांडा, पाय आणि आतली मोकळी जागा यांच्या प्रमाणात असते.

मराठीत हे वळण आणताना पहिला प्रश्न पायांचाच येतो, कारण देवनागरीत अक्षर जमिनीवर उभे नसून शिरोरेषेला टांगलेले असते, आणि स्लॅब-सेरिफमध्ये तळाशी असणारा आडवा भार येथे मुळातच डोक्यावर असतो. शिवाय देवनागरीचे रूढ वळण बोरूच्या तिरप्या कापातून आलेले आहे. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे, जे राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या पंचांवरून, म्हणजे मूळ ठशांवरून, ओतले गेले, ते सुबकतेचा मापदंड ठरले, आणि त्यांचे सौंदर्य रेषेच्या जाड-बारीक होण्यावर अवलंबून होते. स्लॅब-सेरिफला मात्र रेषा जवळजवळ एकाच जाडीची लागते.

‘तुर्भे’ हे नाव या अडचणीचा उत्तम नमुना आहे. ठाणे ते वाशी या लोकलमार्गावरील या स्थानकाच्या नावात दोनच अक्षरे आहेत, पण ‘त’च्या कान्याखाली उकार लोंबतो आणि ‘भ’च्या डोक्यावर मात्रा व रफार दाटीवाटीने बसतात. रोमन अक्षराच्या अनुकरणाने ‘त’च्या कान्याला चौकोनी पाय लावला तर तो नेमका उकार जोडण्याच्या जागी येतो आणि खाली एक बेढब गाठ तयार होते, वर मात्रा आणि रफार दांड्याइतकेच जाड ठेवले तर शाई पसरताच दोन्हींचा मिळून एक काळा ठिपका उरतो. म्हणून जाणकार अक्षरकार कान्याचे टोक सरळ, बोथट कापून ठेवतो, वरच्या चिन्हांची जाडी थोडी उतरवतो, मात्रा आणि रफार यांचे जोडरूप स्वतंत्रपणे रेखाटतो, आणि स्लॅबचा भारदस्तपणा शिरोरेषेच्या जाडीतून साधतो. हाच मार्ग योग्य आहे. पाय चिकटवलेली देवनागरी उसनी दिसते.

खरी कसोटी दोन लिप्यांच्या पाटीवर लागते. वर मराठी आणि खाली इंग्रजी नाव असेल, तर इंग्रजीचा पाय आणि मराठीची शिरोरेषा यांची जाडी एकमेकांना साजेशी हवी, म्हणजे दोन्ही ओळी एकाच हाताच्या वाटतात. अर्जेंटिनाच्या सोल मातास यांनी आपल्या ‘बिटर’ या स्लॅब-सेरिफला देवनागरी जोड म्हणून ‘कडवा’ हा फॉन्ट केला, तो साध्या आणि ठळक अशा दोन वजनांत मोफत मिळतो. उलट्या दिशेचा प्रयत्न ‘यात्रा वन’मध्ये दिसतो: मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी आधी देवनागरी ठरवली आणि रोमन अक्षरे तिच्या कुंचल्याच्या वळणाला जुळवली. जाडीची परिसीमा पाहायची तर सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा ‘मोदक’ पाहावा, ज्यात अक्षरांतील पोकळी केसासारख्या फटींपुरती उरते आणि तरीही शब्द वाचता येतो. तो स्लॅब-सेरिफ नाही, पण देवनागरी किती वजन पेलते हे त्यातून कळते.

अशा अक्षरांची जागा शीर्षक, पाटी, वेष्टन आणि लेबल येथे आहे. बारीक आकाराच्या सलग मजकुरात त्यांची ठळक वजने डोळ्याला शिणवतात आणि ‘द्ध’, ‘ष्ट’ यांसारखी जोडाक्षरे बुजून जातात. तुर्भ्याच्या घाऊक बाजारासारख्या ठिकाणी, जेथे धान्य आणि मसाला गोणीतून फिरतो, तेथे मात्र जाड रेषेला पर्याय नसतो, कारण तागाचे खरबरीत विणकाम शाई शोषून घेते आणि बारीक रेघ धाग्यांत हरवते. गोणीवर छाप मारण्यासाठी पत्र्यात अक्षर कापताना आणखी एक अडचण येते: ‘व’, ‘ब’, ‘म’ यांच्या बंद पोकळीचा तुकडा सुटून पडतो, म्हणून त्याला धरून ठेवणारी पत्र्याची अरुंद पट्टी मध्ये राखावी लागते, आणि छापलेल्या अक्षरात ती कोऱ्या फटीच्या रूपाने दिसते. जाड अक्षरात ही फट रेषेत सामावते, तर बारीक अक्षरात तिच्यामुळे ‘व’ आणि ‘ब’ ओळखणेच अवघड होते.