गाडीतली वीज : भाग 6
फॉग लॅम्प लागतो, स्विचचा दिवा लागत नाही

मागच्या आठवड्यात फॉग लॅम्पसाठी फ्यूज आणि वायर ठरवली. आता डॅशबोर्डवरचा स्विच. चालू-बंद अंधारातही कळावं म्हणून बहुतेकांना तो दिव्याचा हवा असतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, घरच्या एक्स्टेन्शन बोर्डाला असतो तसला लाल रॉकर स्विच स्वस्तात मिळतो. तो गाडीत बसवला की फॉग लॅम्प झकास लागतात आणि स्विच मात्र अंधारात राहतो. मग दुकानदाराच्या नावाने बोटं मोडली जातात. स्विच बिचारा चांगला असतो.

त्या लाल झाकणाखाली बहुधा निऑनचा बारका दिवा असतो. तो पेटायला 60-70 व्होल्ट तरी लागतात. घरच्या 230 व्होल्टवर तो मजेत जळतो, 12 व्होल्टवर त्याला जागही येत नाही. तेव्हा स्विच घेताना दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या : आतले कॉन्टॅक्ट किती सोसतात आणि दिवा किती व्होल्टचा आहे. अंगावर छापलेलं ‘16 ए, 250 व्ही एसी’ हे कॉन्टॅक्टबद्दल असतं.

आणि तेही एसीचं. ‘250 चालतात, मग 12 का नाही चालणार?’ हा हिशेब इथे फसतो. घरच्या 50 हर्ट्झ विजेचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीच्या डीसीला ही सवड नाही. 12 व्होल्टवर ठिणगी टिकणं तसं अवघड असतं, म्हणून कार सहसा निभावून नेते. ट्रकच्या 24 व्होल्टवर मात्र कॉन्टॅक्ट लवकर काळे पडू शकतात. डीसीचा आकडा छापलेलाच स्विच घ्यावा.

दिव्याकडे वळू. गाडीसाठी एलईडीचा स्विच घ्यायचा. पण 12 व्होल्टची गाडी 12 व्होल्टवर क्वचितच असते. भरलेली बॅटरी 12.6 दाखवते, इंजिन चालू झालं की अल्टरनेटर 14.4 च्या आसपास नेतो. लाल एलईडी त्यातले सुमारे 2 व्होल्ट घेते, उरलेले आतल्या रेझिस्टरने झेलायचे. तो 1,000 ओहमचा असेल तर साधारण 12 मिलिअँपिअर वाहतात, काही बिघडत नाही. हाच स्विच ट्रकमध्ये लावला तर चालू इंजिनाचे 28 व्होल्ट त्याला मिळतात. प्रवाह 26 मिलिअँपिअर होतो आणि रेझिस्टरवर 0.68 वॉट उष्णता, पाव वॉटचा रेझिस्टर भाजून निघेल इतकी. ट्रकसाठी 24 व्होल्टचाच दिवा मागावा.

अशा स्विचला सहसा तीन पिना असतात : सप्लाय, लोड आणि दिव्याची अर्थ. अर्थ जोडली नाही तर दिवा लागत नाही, बाकी सगळं चालतं. सप्लाय आणि लोडची अदलाबदल झाली तर स्विच बंद असतानाही दिवा जळत राहतो. इंजिन बंद असताना 12.6 व्होल्टवर वाहणारे साडेदहा मिलिअँपिअर किरकोळ वाटतात, पण महिनाभर उभ्या गाडीत ते सुमारे साडेसात अँपिअर-अवर खातात. लहान कारच्या 35 अँपिअर-अवरच्या बॅटरीचा हा पाचव्या हिश्शाहून जास्त झाला. लोड आणि अर्थ उलट झाली तर स्विच दाबताच सरळ शॉर्ट. तिथे मागच्या भागातला फ्यूज कामाला येतो.

55 वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे नऊ-साडेनऊ अँपिअर. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी त्याच्या कितीतरी पट ओढतं. हा भार स्विचवर टाकूच नये असं माझं मत, रिले घालावा. मग स्विचमधून कॉइलचे दीड-दोनशे मिलिअँपिअरच जातात. फक्त बंद करताना कॉइल उलटा झटका मारते आणि एलईडी उलटे व्होल्ट जेमतेम 5 सोसते, म्हणून आत डायोड असलेला रिले घ्यावा. त्यात 86 नंबरच्या पिनेला प्लस आणि 85 ला अर्थ हवी. उलट जोडलं तर डायोडमधून शॉर्ट होऊन फ्यूज उडेल. 30 आणि 87 कुठे जोडायचे, ते पुढच्या आठवड्यात.